सहाणेवर उगाळलेलं औषध

प्रयागबाईच्या हाताला गुण आहे, असं आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या आसपासच्या पाच-सहा गावांत म्हणत असत, आणि म्हणणाऱ्यांत प्रयागबाई स्वतः सगळ्यात पुढे असे. कोणाच्या घरी बाळ जन्मलं की बाळगुटी तिच्याच हातची. मुरडशेंगेचे किती वळसे, हिरड्याचे किती, वेखंड नुसतं टेकवायचं की एक पुरा वळसा द्यायचा, हे ती बाळाचं पोट बोटानं चाचपून ठरवायची. तिची दगडी सहाण घासून घासून मधोमध खोलगट झाली होती. "औषध जितकं बारीक, तितकं अंगी लागते," हे तिचं ब्रह्मवाक्य. गावातल्या निम्म्या लोकांनी जन्मात पहिल्यांदा तोंड वाकडं केलं ते तिच्या बोटावरची गुटी चाटून. त्यामुळे मोठं झाल्यावरही तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती होत नसे.

बाकी तिचं आयुष्य म्हणजे ओढ्याकाठची वाडी. वांगी, मेथी, सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि उन्हाळ्यात काकड्या. बाजारच्या दिवशी टोपलं डोक्यावर घेऊन ती हायवेपर्यंत चालत जाई. तेलुगू गिऱ्हाइकाशी तेलुगूत, लारीवाल्यांशी हिंदीत आणि आपल्या माणसाशी आपल्या बोलीत भांडे. जिभेला हाड नाही असं लोक तिच्याबद्दल म्हणत, पण त्याच जिभेनं एकदा शब्द दिला की तो बदलत नसे. उद्या मेथीच्या दोन जुड्या ठेवते म्हटलं, की मग भाव दुप्पट देणारा आला तरी त्या जुड्या ज्याच्या त्यालाच मिळायच्या.

तिचे यजमान उद्धवराव हे अगदी दुसऱ्या टोकाचे. उंच, हडकुळे, मितभाषी. चार एकरांत कापूस-ज्वारी करायची आणि संध्याकाळी पोथी वाचायची. अकरा वर्षांपूर्वी माहूरला जाऊन त्यांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. तेव्हापासून मांस, दारू, तंबाखू सगळं बंद. कोणाच्या घरचं पाणी प्यायचं, कोणाच्या घरचं नाही, तेही ठरलेलं. एकुलती एक मुलगी बेज्जूरकडे दिलेली, ती वर्षातून एकदा यायची. घरात ही दोघंच, आणि दोघांचं बरं चाललेलं.

पंच्याण्णव सालचा पोळा झाला आणि उद्धवरावांना काळी उलटी झाली. चहाच्या चोथ्यासारखी काळी. गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षं ते किराणा दुकानातून लाल गोळ्या आणून खात होते, बहुतेकदा उपाशीपोटी, हे त्या दिवशी प्रयागबाईला पहिल्यांदा कळलं. आदिलाबादला डॉक्टर भगवानरावांचा खाजगी दवाखाना होता. त्यांनी नागपूरला पाठवून तोंडातून दुर्बीण घालून पोट पाहून घेतलं. आतड्याच्या तोंडाशी जखम झाली होती. पोटातलं आम्ल त्या जखमेला भरू देत नाही, म्हणून ते आम्ल कमी करणारं औषध घ्यायचं, असं डॉक्टरांनी समजावलं. अर्धी गुलाबी, अर्धी पांढरी अशी कॅप्सूल होती ती.

"रोज सकाळी एक. उपाशीपोटी, पाण्याबरोबर गिळायची. अर्ध्या तासानं खायचं. असं चार आठवडे, मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि ती गुडघ्याची लाल गोळी पुन्हा तोंडात घातली तर माझ्याकडे येऊ नका. परसाकडला काळं डांबरासारखं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर मात्र लगेच या. असेल त्या वेळी, असाल तसे."

प्रयागबाईनं हे सगळं पाठ केलं. घरी आल्या आल्या लाल गोळ्यांची पुडी चुलीत घातली.

पहिले आठ दिवस औषधानं चमत्कार केला. छातीखाली जे निखारे पेटलेले असत ते विझले. उद्धवराव पोळी खाऊ लागले, झोपू लागले, एक दिवस तर वाडीत येऊन आळ्यांना पाणी देऊन गेले. प्रयागबाई सगळ्या बाजारात सांगत सुटली की माहे मालक वाचले. सुखाचे दिवस असेच असतात, माणूस तेव्हा पुढचं बघतच नाही.

नवव्या दिवशी मध्येच खुशाल उपटला. खुशाल म्हणजे शेजारच्याच गल्लीतला, आदिलाबादच्या एका औषधांच्या दुकानात वर्षभर खोकी उचलून परत आलेला. वर्षभरात तो औषधं शिकला होता असं त्याचं म्हणणं. कोणाला माहिती सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. पारावर त्यानं उद्धवरावांच्या हातातली कॅप्सूलची पट्टी पाहिली आणि म्हणाला, "काका, हे तुमाले कसं चालते? याचं टरफल हाडाच्या सरसाचं रायते. ढोराईचे हाडं उकळून बनवतेत."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. फक्त तोंड होतं.

उद्धवराव घरी आले ते चूळ भरतच. दोनदा ओकारी काढली त्यांनी. अकरा वर्षं सांभाळलेलं व्रत आठ दिवसांत आठ वेळा मोडलं होतं, तेही नकळत. ते दिवसभर जेवले नाहीत. प्रयागबाईनं समजूत घातली, औषधाले काय दोष, जिवावर बेतल्यावर सगळं चालते. पण त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी म्हणाले, "टरफल काढून टाक. आतलं दे."

आता बायकोला यापेक्षा सोपा मार्ग कुठला सापडणार होता? तिनं एक कॅप्सूल दोन बोटांत धरून पिळली, तर टोपण सुटलं आणि आतून खसखशीसारखे पांढरे, गुळगुळीत दाणे हातावर आले. कडक होते. तिनं एक दाताखाली धरून पाहिला. म्हाताऱ्या-कोताऱ्या पोटाला असले खडे कसे पचणार, असं तिला वाटलं. आणि तिच्या घरात सहाण होती, हात होता, चाळीस वर्षांचा सराव होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दुधाचे चार थेंब टाकून ते दाणे रगडायला घेतले. दाणे निसटून पळत होते, पण ती काय सोडते. अगदी लोण्यासारखं चाटण केलं, बोटावर घेतलं आणि नवऱ्याच्या तोंडात घातलं. कडू होतं. उद्धवरावांनी तोंड वाकडं केलं, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं. कडू म्हणजे गुणकारी.

"एक सांगू का तुले," ते म्हणाले. "डागदरापाशी हे बोलायचं नाई. नागपूरले त्या दवाखान्यात म्या तिथलं पाणी पेलो नाई तं ते पोट्टे कसे हासले, पायलं ना तुवा? मले हासले तं हासले. माह्या पंथाले हासलेले नाई चालत. शब्द दे."

प्रयागबाईनं शब्द दिला. त्यात एवढं काय होतं? औषध तर पोटातच जात होतं.

चार दिवसांत निखारे पुन्हा पेटले. आधी थोडे, मग पहिल्यासारखे. उद्धवराव पहाटे उठून पोट धरून बसत. प्रयागबाईला वाटलं, आपलं उगाळणं कमी पडतंय, म्हणून ती आणखी जोर लावू लागली. मनगट भरून यायचं. पण एक दिवस वाडीत वांगी तोडता तोडता तिचा हात थांबला. पहिले आठ दिवस अख्खी गोळी गिळली तेव्हा आराम होता. टरफल काढलं आणि आराम गेला. हे तिला आधी कसं सुचलं नाही? मग टरफलातच काही गुण असेल का? त्या दुपारी तिनं नवऱ्याला विचारलं, "तुमी एक दिवस अख्खी घेऊन पाहा ना. एकच दिवस."

"मेलो तरी नाई," उद्धवराव म्हणाले. आवाज चढवला नाही, आणि त्यांचा आवाज चढत नसे तेव्हाच प्रयागबाई हरायची.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. ती त्यांच्यासोबत गेली, तोंडाला कुलूप लावून. डॉक्टर भगवानरावांनी पोट दाबून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या. लाल गोळ्या बंद आहेत? बंद. तंबाखू? तो कधीच नव्हता. तिखट? कमी केलंय. "औषध रोज घेता ना?"

"रोज घेतो," उद्धवराव म्हणाले. "सकाळी. उपाशीपोटी. अर्ध्या तासानं खातो."

एकही शब्द खोटा नव्हता. उपदेशी माणूस खोटं बोलत नाही. फक्त जेवढं विचारलं तेवढंच सांगतो. प्रयागबाई स्टुलावर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिच्या जिभेच्या टोकावर ते आलं होतं. तेवढ्यात उद्धवरावांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि तिनं ते गिळलं.

"मग आराम का नाही?" डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले. "एवढ्या चांगल्या औषधावर जखम पुन्हा बोलते म्हणजे... ठीक आहे. दिवसाला दोन करू. सकाळी एक, संध्याकाळी एक. दहा दिवसांनी या. तेव्हाही असंच असेल तर मला वेगळा विचार करावा लागेल."

वेगळा म्हणजे कसला, ते त्यांनी सांगितलं नाही. प्रयागबाईनं विचारलंही नाही. पण तिच्या मावशीच्या पोटात गाठ निघाली होती, आणि तिच्याही डॉक्टरनं असंच काहीसं म्हटलं होतं. परतताना बसमध्ये ती खिडकीबाहेरच बघत राहिली. उद्धवरावांनी दोनदा विचारलं, "तुले बरं नाई का?"

त्यानंतरचे नऊ दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. सकाळ-संध्याकाळ सहाण. दाणे रगडायचे, चाटण द्यायचं, आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. बाजारात तिचा भाव चुकायला लागला, कोणी वांगी फुकट उचलली तरी लक्ष जाईना. रोज सकाळी ठरवायची, आज सांगून टाकू, बस धरू आणि एकटीच जाऊन डॉक्टरला सांगू. आणि रोज उद्धवरावांचा चेहरा बघून गप्प बसायची. दिलेला शब्द मोडणं म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. कधी मोडलाच नव्हता. ज्या माणसानं जन्मात तिच्याकडे काही मागितलं नाही, त्यानं एक शब्द मागितला होता.

चोविसाव्या दिवशी सकाळी उद्धवराव परसाकडून आले आणि न बोलता कापसाच्या वावराकडे निघाले. प्रयागबाई शिदोरी घेऊन तासाभरानं गेली, तर ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेले. ऊन कोवळं होतं, पण त्यांचा सदरा घामानं भिजला होता. ओठ पांढरे पडले होते.

"काय झालं?"

"चक्कर आली. बसलो."

ती समोर उभी राहिली. "माह्याकडं पाहून सांगा. सकाळी काळं झालं का?"

उद्धवरावांनी खाली पाहिलं. "काल बी झालं," ते म्हणाले.

प्रयागबाईनं शिदोरी तिथंच टाकली आणि त्यांना धरून उठवलं. हायवे अर्ध्या कोसावर. दर वीस-पंचवीस पावलांवर ते थांबत, आणि ती म्हणे, "चला, तो बाभळीचा बुडखा आला, तिथं बसू." तिथं पोहोचलं की पुढचा बुडखा. रस्त्यावर आल्यावर तिनं हात आडवे करून कापसानं भरलेली एक लारी अडवली. ड्रायव्हर शिव्या देतच खाली उतरला, पण उद्धवरावांचा चेहरा बघून गप्प झाला. "बैठो मौसी, जल्दी बैठो." केबिनमध्ये उद्धवरावांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. त्यांचा हात गार पडत चालला होता, तो ती दोन्ही तळव्यांत घेऊन चोळत होती. कमरेच्या पिशवीत कॅप्सूलची उरलेली पट्टी होती.

दवाखान्यात पोहोचल्या पोहोचल्या नर्स आशाबाईनं त्यांना पलंगावर निजवून सलाईन लावलं. डॉक्टरांनी नाडी धरली, रक्तदाब पाहिला, डोळ्यांची पापणी खाली ओढली. मग टेबलाशी जाऊन लिहू लागले. लिहिता लिहिताच बोलत होते.

"नागपूर. आत्ता निघायचं. औषध दुप्पट करूनही रक्त जातंय, म्हणजे औषधाचं काम संपलं. पोट उघडून बघावं लागेल. मला गाठीचाही संशय आहे. गाडी सांगतो मी."

"वाचतीन ना, साहेब?"

डॉक्टरांचा पेन थांबला. "अंगात रक्त फार कमी उरलंय, बाई. पाच तासांचा रस्ता आहे. आणि त्यावर ऑपरेशन." कागद तिच्यापुढे सरकवून ते म्हणाले, "इथे अंगठा लागेल."

प्रयागबाईचा अंगठा शाईच्या डबीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"साहेब, एक सांगायचं हाये."

पलंगावरून उद्धवरावांचा हात आला आणि तिच्या मनगटावर पडला. डोळे उघडून त्यांनी मान हलवली. नको. त्या पकडीत काहीच जोर नव्हता, एखाद्या तान्ह्या बाळानं बोट धरावं तेवढीच ती पकड होती. प्रयागबाईनं ती सोडवली, आणि सोडवताना तिला जेवढं दुखलं तेवढं जन्मात कधी दुखलं नव्हतं.

"ते टरफल नाई घेत," ती भडाभडा बोलायला लागली. "त्यात हाडं असतेत म्हणून. उपदेशी हायेत ते. पयले आठ दिवस अख्खी घेतली, तवा आराम होता. मंग टरफल काढलं, आतले दाणे सहाणेवर दुधात रगडून देतो आमी. पार लोणी करून. पंधरा दिवस झाले. त्या टरफलातच गुण होता का, साहेब? मले सांगा. त्यानंच असं झालं का?"

डॉक्टर खुर्चीवरून उठले. "रगडून?" त्यांनी पट्टी ओढून घेतली, एक कॅप्सूल उघडली, दाणे तळहातावर घेतले. "टरफलाचं काही नाही. हे बघा. यातल्या एकेका दाण्यावर लेप आहे. पोटातल्या आम्लात हे औषध नासतं, म्हणून तो लेप. लेपासकट दाणा पुढे आतड्यात गेला पाहिजे, तिथे तो विरघळतो, मग औषध लागू पडतं. तुम्ही तो लेपच फोडून टाकलात! पोटात गेलं ते मेलेलं औषध. पंधरा दिवस या माणसाला औषध मिळालेलंच नाही!" त्यांचा आवाज चढला होता. "कोणाचं हे डोकं? कोणी रगडलं हे?"

प्रयागबाईनं आपल्या हाताकडे पाहिलं. टरफल नव्हे. तिचा हात. रोज सकाळी, पुढे पुढे संध्याकाळीही, जीव लावून, मनगट दुखेपर्यंत तिनं आपल्या माणसाचं औषध मारलं होतं. जितकं बारीक केलं तितकं जास्त मारलं. तिनं तोंड उघडलं.

"म्या," उद्धवराव म्हणाले.

दोघंही त्यांच्याकडे वळले.

"म्याच रगडलं," ते पुन्हा म्हणाले, डोळे मिटून. "तिनं नाई. ती नको म्हणे."

मग डॉक्टरांनी त्यांना अशा काही शिव्या घातल्या की आशाबाईनं दार लोटून घेतलं. शिकल्या-सवरल्याला नाही कळत तिथे तुम्ही कशाला वैद्यकी करता, नवरा मेला असता म्हणजे या बाईनं काय करायचं, असं बरंच काही. उद्धवराव निमूट ऐकत होते. उद्धवरावांच्या हातानं सहाण जन्मात कधी उचललेली नव्हती. घरात ती कुठे असते तेही त्यांना धड ठाऊक नव्हतं.

शेवटी डॉक्टर दमले. टेबलावरची नागपूरची चिठ्ठी उचलून त्यांनी घडी केली आणि खिशात ठेवली. आवाज उतरला. "चूक माझीही आहे. गिळा म्हणालो, का गिळायची ते सांगितलं नाही. कशी घेता तेही विचारलं नाही. ऐका बाई. औषध हरलं असं मी समजत होतो, तसं नाही. औषधाला अजून संधीच मिळाली नाही. शिरेतून इंजेक्शन देतो, रक्त चढवू. दिवस मावळेपर्यंत रक्तदाब वर आला तर इथेच ठेवतो. घसरला तर नागपूर. गाडी दारात उभी ठेवतो."

सरकारी दवाखान्यातून रक्ताची बाटली आली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्यानंतर प्रयागबाईला फक्त दोन गोष्टी दिसत होत्या, नळीतून पडणारे थेंब आणि आशाबाईचं तोंड. आशाबाई दर अर्ध्या तासानं दंडाला पट्टा गुंडाळून आकडा वहीत लिहायची. प्रयागबाईला आकडा कळत नव्हता, पण माणसाचं तोंड तिला वाचता येत होतं. एक वाजता ते तोंड तसंच होतं. दीड वाजता आणखी उतरलं. आशाबाई लगबगीनं आत गेली, डॉक्टर आले, थेंब जोरात सोडले, बाहेर ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि गाडीचं इंजिन सुरू झालं. प्रयागबाईनं पलंगाची दांडी धरली. देवाचं नाव घ्यावं असं तिला वाटलं, पण ओठांवर येत होतं ते एकच. चुकलं माझं. चुकलं माझं. शब्द मोडायचाच होता तर त्या पंधराव्या दिवशी का नाही मोडला? शब्दापेक्षा माणूस मोठा, हे कळायला बाई, तुला त्याचं रक्त सांडावं लागलं?

अडीच वाजता आशाबाईनं पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा बांधून पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा ताण सैल झाला. मग ती डॉक्टरांना हाक मारायला गेली नाही. नुसती खिडकीशी जाऊन बाहेर म्हणाली, "इंजिन बंद करो, भैया."

प्रयागबाई तिथंच फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

तिसऱ्या दिवशी उद्धवराव उशीला टेकून बसले. डॉक्टर भगवानराव एक कॅप्सूल, एक चमचा आणि द्रोणात आंबट दही घेऊन आले. टरफल नको तर नको, त्याला माझी हरकत नाही, म्हणाले. फक्त दाण्यांना धक्का लावायचा नाही. कुटायचे नाहीत, चावायचे नाहीत. दुधात नको, चहात तर मुळीच नको, त्यात लेप विरघळतो. चमचाभर आंबट दह्यात टाकायचे आणि तसेच गिळून वर पाणी प्यायचं. कालवून ठेवायचे नाहीत, लगेच घ्यायचे.

"बी फोडून पेरलं तर उगवतं का, बाई?" त्यांनी समजावण्यासाठी विचारलं.

"सांभाराचं उगवते," प्रयागबाई म्हणाली. "ते रगडूनच पेरा लागते."

"मग ही मेथी समजा," डॉक्टर म्हणाले. आणि पुढे बोटावर मोजून बजावलं की आता चार आठवडे पुन्हा पहिल्यापासून, बरं वाटलं तरी मध्येच सोडायचं नाही, संपल्यावर स्वतःच्या मनानं पुढे चालूही ठेवायचं नाही, गावात कोणाची छाती जळली तरी यातली एक गोळी कोणाला द्यायची नाही. "आणि काही खात नसाल, पाळत असाल, तर मला सांगायचं. मी हसणार नाही."

उद्धवरावांनी दोन्ही हात जोडले. "दंडवत," ते म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर प्रयागबाईनं दाणे दह्यावर टाकले. एकही दाणा दबू नये म्हणून तिनं चमचा असा धरला की जणू त्यात तिचा सगळा संसार होता. उद्धवरावांनी ते गिळलं, वर पाणी प्यायलं. ती तिथंच उभी राहिली.

"डागदरापाशी खोटं काऊन बोलले तुमी?" तिनं विचारलं. "रगडलं तं म्या. उपदेशी माणूस असून."

उद्धवरावांनी पाण्याचा रिकामा पेला तिच्या हातात दिला.

"तुवा माह्यासाठी शब्द मोडला," मग ते म्हणाले. "म्या तुह्यासाठी नेम मोडला. फिट्टमफाट झाली."

आणि कूस बदलून त्यांनी विचारलं, अर्धा तास झाला का, कारण भूक लागली होती.